दोन थांब्यांमधला रस्ता: नवी मुंबईची एकदिवसीय बस सहल आणि मार्गदर्शकाचे काम

नवी मुंबईतून निघणाऱ्या एकदिवसीय बस सहलींमध्ये रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागाला वळसा घालून परतणारा एक मार्ग चांगला रुळलेला आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा ठिकाणी प्रवासी घेत बस पनवेलला पोहोचते, पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागते, कर्नाळा आणि पेण करून वाकण फाट्यावरून पालीला वळते, आणि दुपारनंतर पाली-खोपोली रस्त्याने निघून, खोपोलीजवळच्या महडला वरदविनायकाचे दर्शन घेऊन, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने परतते. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर भरते. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, गृहनिर्माण सोसायट्या आणि शाळा हे या सहलींचे मुख्य ग्राहक असतात. काही गट खासगी बस ठरवतात, तर काही एसटी महामंडळाची गाडी ‘प्रासंगिक करारा’ने, म्हणजे ठरावीक दिवसापुरती संपूर्ण गाडी भाड्याने घेण्याच्या पद्धतीने मिळवतात.

अशा सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत थांब्यांची नावे ठळक छापलेली असतात आणि प्रवाशाने पैसे त्या थांब्यांसाठीच मोजलेले असतात. परंतु दिवसाचा हिशेब मांडला, तर निम्म्याहून अधिक वेळ धावत्या किंवा खोळंबलेल्या बसमध्येच जातो. वाहतुकीची कोंडी, महामार्गाच्या चौपदरीकरणाची २०११ पासून रखडत चाललेली कामे आणि शनिवार-रविवारची गर्दी यांमुळे हे प्रमाण आणखी वाढते. सहलीबरोबर जाणाऱ्या मार्गदर्शकाला, म्हणजे हजेरीपासून जेवणापर्यंतची व्यवस्था पाहून वाटेवरच्या ठिकाणांची माहिती देणाऱ्या माणसाला, काही हंगामांच्या अनुभवानंतर उमगते ते हे की, आपली कसोटी थांब्यांवर लागत नाही. देवळात देव असतो, अभयारण्यात पक्षी असतात. तिथे मार्गदर्शक नसला तरी प्रवाशाचे फारसे अडत नाही. दोन थांब्यांच्या मधला रस्ता मात्र कोणीतरी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

हे दाखवणे वाटते तितके सोपे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका मिनिटात एक किलोमीटर कापते, त्यामुळे ‘उजवीकडे पाहा’ हे शब्द ऐकून प्रवाशाने मान वळवेपर्यंत पाहण्याजोगी जागा मागे पडलेली असते. म्हणून रस्त्यावरचे भाष्य नेहमी एक मिनिट आगाऊ करावे लागते. आधी काय दिसणार आहे ते सांगायचे, मग ते कोणत्या बाजूला दिसेल ते सांगायचे, आणि ती जागा प्रत्यक्ष आली की गप्प राहायचे, हा क्रम या कामात मुरलेल्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यातही एका बाजूच्या खिडकीत जे दिसते ते दुसऱ्या बाजूच्या निम्म्या बसला दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना आलटून-पालटून काही देता येईल अशी जुळवणी करावी लागते. याशिवाय माइकवर मार्गदर्शकाचा एकट्याचा हक्क नसतो. अंताक्षरी, हौझी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांनाही त्यावर तितकाच अधिकार असतो. भाष्य दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबले, तर मागच्या आसनांवरून एखाद्या काकू ‘आता गाणी होऊ द्या’ असे प्रेमाने पण ठामपणे सुचवतात, आणि ती सूचना मानण्यातच शहाणपण असते.

पळस्पे ओलांडल्यावर पहिले गाव लागते ते शिरढोण. १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथे झाला. इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारल्याबद्दल त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि गाव मागे पडताच त्याच किल्ल्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका समोर येतो, त्यामुळे माणूस आणि जागा यांची सांगड घालण्यासाठी मार्गदर्शकाला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेले कर्नाळा पक्षी अभयारण्य सुमारे १२ चौरस किलोमीटरचे असून महामार्ग त्याच्या अंगावरूनच जातो. ज्येष्ठांच्या गटासाठी किल्ल्याची चढण बेतात बसत नाही, म्हणून अभयारण्यातल्या सपाट वाटेवर तासभर फिरून गट परततो. बस सुटण्याआधीची मोजणी हा इथला खरा प्रसंग असतो. डोकी मोजत फिरण्यापेक्षा ‘आपापला शेजारी आला का ते पाहा’ असे सांगणे अधिक खात्रीचे ठरते, कारण मोजणारा चुकू शकतो, पण मोकळे राहिलेले शेजारचे आसन कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

कर्नाळ्याची खिंड उतरली की भूगोल बदलतो. महामार्गाच्या पश्चिमेला खाडीपर्यंत पसरलेली सपाट जमीन दिसू लागते. तिला खारभूमी म्हणतात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन मातीचे बांध घालून शेतीखाली आणलेली. या बांधांना खारबंदिस्ती हे नाव आहे आणि त्यांत ठिकठिकाणी उघाड्या बसवलेल्या असतात. उघाडी म्हणजे ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला समुद्राचे पाणी आत येऊ न देणारी झडप. बांध फुटून भगदाड पडले की त्याला खांड जाणे म्हणतात. खांड वेळेवर बुजवली नाही, तर खारे पाणी शेतात शिरून जमीन पुढची काही वर्षे नापीक होते. या जमिनीत खारटपणा सोसणारा राता हा तांबडा भात पिकत आला आहे आणि शेताशेजारच्या तळ्यांत जिताडा हा चवीला नावाजलेला मासा वाढवला जातो. बसमधून पाहणाऱ्याला यातले काहीच आपणहून कळत नाही. त्याला दिसते ती एक हिरवी किंवा हंगामानुसार करडी सपाटी, आणि निसर्गाचा देखावा म्हणून तो तिचे छायाचित्र घेतो. प्रत्यक्षात ती सपाटी निसर्गाने दिलेली नसून आगरी आणि कोळी समाजाच्या पिढ्यांनी बांधून काढलेली, आणि आजही दरवर्षी डागडुजी मागणारी रचना आहे.

नवी मुंबईच्या प्रवाशाला हे सांगण्याला विशेष अर्थ आहे, कारण त्याचे स्वतःचे घर बहुधा अशाच जमिनीवर उभे असते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नवे शहर आखण्यात आले. त्या गावांतही भातखाचरे, मिठागरे आणि खारबंदिस्तीच होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची पद्धत त्या लढ्याच्या पोटातून आली. सेक्टर आणि प्लॉट क्रमांकांत राहणाऱ्या, मूळच्या सातारा, जळगाव, केरळ किंवा उत्तर प्रदेशच्या रहिवाशाला आपल्या इमारतीखालचे शेत पाहण्याची संधी उरलेली नसते. पेणच्या अलीकडची खारभूमी त्याला, निदान अंदाजाने, ते शेत दाखवते.

याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आपली गावे शहराच्या पुढच्या टप्प्यात जाऊ द्यायचे नाकारले, हाही या रस्त्याचा एक अध्याय आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र या नावाने पेण, पनवेल व उरण तालुक्यांत मोठा प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासकीय यंत्रणेमार्फत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. भूसंपादनाविषयी जमीनमालकांना थेट विचारण्याचा असा प्रसंग देशात विरळाच. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. हेटवणेचे पाणी मात्र सिडकोच्या वसाहतींनाही पुरवले जाते, त्यामुळे बसमधल्या खारघर किंवा उलव्याच्या प्रवाशाचा या धरणाशी रोजचा संबंध असतो. इतके सांगून मार्गदर्शकाने थांबावे, असा या कामातला शिरस्ता आहे. कोणाची बाजू बरोबर होती यावर बसमध्ये वाद पेटला, तर तो पालीपर्यंत विझत नाही. आणि निवाडा करणे हे सहलीचे काम नसून निवाड्यासाठी लागणारी माहिती डोळ्यांसमोर ठेवणे एवढेच तिचे काम आहे.

पेण आणि त्याच्या अलीकडची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. वर्षभर चालणाऱ्या या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढणे, ती वाळवणे, घासून गुळगुळीत करणे आणि रंगवणे ही कामे वेगवेगळ्या हातांकडे असतात. डोळ्यांची आखणी, म्हणजे बुबुळ आणि पापण्यांच्या रेषा काढण्याचे शेवटचे काम, सर्वांत सरावाच्या कारागिराकडेच जाते. पन्नास माणसांचा गट अशा कारखान्यात शिरला की ओल्या मूर्तींना धक्का लागण्याची भीती असते आणि काम खोळंबते, म्हणून दहा-बारा जणांच्या तुकड्या करणे, आत बोट लावू न देणे आणि कारखानदाराला आधी कळवणे ही पथ्ये पाळावी लागतात. गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यात हा थांबा गाळणेच योग्य. त्या काळात कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते, आणि प्रवाशांना हे समजावून सांगितले तर ते सहसा कुरकुरत नाहीत.

वडखळ, नागोठणे आणि वाकण ओलांडून बस पालीला पोहोचते तेव्हा दुपार झालेली असते. पालीचा बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा एकमेव गणपती. मूळचे लाकडी देऊळ जाऊन आजचे दगडी मंदिर अठराव्या शतकात उभे राहिले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी एक इथे असल्याचे सांगितले जाते. मंदिराची मांडणी अशी आहे की, दक्षिणायनाच्या काळात उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात. दुपारी पोहोचणाऱ्या सहलीला ते दृश्य मिळत नाही, तरीही ते सांगावे लागते, कारण गाभाऱ्यासमोर उभे राहून पूर्वेकडे वळून पाहिले की ती रचना लक्षात येते. गावामागे सरसगडाचा कडा उभा असतो आणि जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आहेत. जेवण वेळेत उरकले तरच ती कार्यक्रमात बसतात. उशीर झालाच, तर पाली गाळून पेणहून थेट खोपोलीचा रस्ता धरण्याचा पर्याय सकाळीच मनात ठेवलेला असतो. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे त्याच भागात आहे.

पाली ते खोपोली हा टप्पा मार्गदर्शकासाठी सर्वांत कठीण, कारण जेवणानंतर निम्मी बस झोपलेली असते आणि सांगण्यासारखे बरेच काही याच टप्प्यात असते. अंबा नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या रस्त्यापासून थोडे आत उंबरखिंड आहे. घाटावरून उतरणाऱ्या कारतलबखानाच्या फौजेला २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी तिथल्या दाट जंगलात कोंडीत पकडून शरण यायला लावले. याच नदीच्या काठच्या जांभूळपाड्यात जुलै १९८९ च्या महापुराने मोठी मनुष्यहानी केली. एका खोऱ्यात थोड्याच अंतरावर असलेल्या या दोन घटना एका सुरात सांगता येत नाहीत. लढाईची कथा जागे करणारी असते आणि ती रंगवून सांगितलेली चालते. पुराची गोष्ट मात्र वर्ष, नदी आणि गाव एवढ्या तीन शब्दांत संपवावी लागते. परतीच्या वाटेवर चौकजवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. प्रवाशांपैकी कोणीतरी ‘दोन मिनिटे गाडी थांबवता येईल का?’ असे विचारतेच. त्याला नकार देणे हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे, कारण ज्या जागेवर माणसांचे दुःख अजून ताजे आहे, ती जागा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत बसत नाही.

खोपोलीत या दिवसाचा एक मोठा धागा जुळतो. लोणावळ्याच्या परिसरातल्या वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून नळांनी खाली आणून टाटा कंपनीने १९१५ मध्ये खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी पाताळगंगेत येते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि तिच्या काठावरची औद्योगिक क्षेत्रे तिच्यावर जगतात. पुढे चौकजवळ धावरी नदीवरचे मोरबे धरण आहे. नवी मुंबई महापालिकेने ते २००२ मध्ये ताब्यात घेतले आणि शहराच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः तिथूनच येते. सकाळी पाहिलेली जमीन आणि संध्याकाळी कळलेले पाणी यांची जोडणी झाली की, सहलीला एक आशय मिळतो: नवी मुंबई ज्या ग्रामीण भागाला मागे टाकून उभी राहिली असे वाटते, त्याच भागाच्या जमिनीवर, पाण्यावर आणि कारागिरीवर ती रोज चालते.

या कामात वावरणाऱ्याला एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांबरोबर स्कँडिनेव्हियाला जाऊन आलेले प्रवासी नॉर्वेच्या ग्रामीण भागातल्या बस प्रवासाचे वर्णन करताना खिडकीबाहेर तासन्‌तास पाहत बसल्याचे सांगतात, आणि तेच प्रवासी पेणच्या रस्त्यावर पडदे ओढून घेतात. परदेशाची भूल एवढेच त्याचे कारण मानणे अपुरे आहे. नॉर्वेच्या शासकीय रस्ते विभागाने देशातल्या १८ रस्त्यांना ‘राष्ट्रीय पर्यटन मार्ग’ ठरवून त्यांवर थांबण्याच्या जागा, सज्जे, बाके आणि स्वच्छतागृहे वास्तुरचनाकारांकडून मुद्दाम घडवून घेतली आहेत. ऑरलँड फ्योर्डवरचा, म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावरचा, स्टेगास्टाइन हा सज्जा पाण्यापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर कड्याबाहेर ३० मीटर पुढे झुकलेला आहे आणि त्याच्या शेजारचे स्वच्छतागृहही त्याच काळजीने बांधलेले आहे. रस्ता हाच पाहण्याचा विषय आहे, हे तिथे आधी शासनाने मान्य केले आणि मग प्रवाशाने.

रायगडच्या रस्त्यावर याच्या उलट घडते. खारभूमी नीट दिसेल अशा ठिकाणी पन्नास आसनांची बस सुरक्षित उभी करण्याची सोय सापडत नाही. सहलीचे वेळापत्रक प्रेक्षणीय स्थळांपेक्षा स्वच्छतागृहांवर बेतलेले असते. महिलांच्या गटासाठी तर कोणत्या हॉटेलातले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे, या माहितीवरच चहाचा थांबा ठरतो. चालकाच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा भाग असल्यामुळे नॉर्वेत साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाने पाऊण तास विश्रांती घेणे बंधनकारक आहे आणि गाडीतले टॅकोग्राफ हे उपकरण, म्हणजे चालवण्याच्या व थांबण्याच्या वेळेची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र, त्याची साक्ष देते. भारतातही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. परंतु पहाटे गाडी धुऊन निघणाऱ्या आणि रात्री शेवटचा प्रवासी उतरवून गाडी लावणाऱ्या चालकाचा दिवस या चौकटीत मावत नाही. प्रवासी देवळात असतात तो वेळ त्याची विश्रांती म्हणून धरला जातो, प्रत्यक्षात तो गाडी राखण्यात आणि वाहनतळावरच्या तंट्यांत जातो. ‘दादा, जरा लवकर घ्या’ हे वाक्य परतीच्या वाटेवर मार्गदर्शकाच्या तोंडी येऊ नये, एवढी काळजी तरी त्याच्या हातात असते.

हा रस्ता फार काळ असाच राहील असे मानण्याला आधार नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला, त्याच्या प्रभावक्षेत्रातल्या उरण, पनवेल व पेण तालुक्यांच्या गावांत नव्या शहराची आखणी सुरू झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आज खारभूमी म्हणून दाखवलेली जागा काही वर्षांनी भरावाखाली असू शकेल. अशा वेळी सहलीचे भाष्य जुन्या माहितीवर चालू ठेवणे ही प्रवाशांची फसवणूक ठरेल, आणि ते दरवर्षी बदलायचे तर त्यासाठी बाहेरून येणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा गावात राहणारा माणूस अधिक जवळचा ठरतो. हमरापूरचा मूर्तिकार, खारबंदिस्तीची डागडुजी केलेला शेतकरी किंवा जांभूळपाड्याचा शिक्षक अर्धा तास बसमध्ये चढून आपल्या पट्ट्याविषयी बोलला, तर काय दाखवावे याइतकेच काय दाखवू नये हेही तोच ठरवील. त्या अर्ध्या तासाचे मानधन सहलीच्या दरात धरणे फार खर्चाचे नाही. जेवण, टोल आणि वाहनतळ यांचे रकाने अंदाजपत्रकात असतात. गावाच्या माहितीचा रकाना त्यात जोडला गेला, तर ज्या भागावर शहर जगते त्या भागाला या सहलीतून प्रथमच काहीतरी परत मिळू लागेल.